वन्संची अकरा रबरं

आमच्या वन्संचे केस गुडघ्यापर्यंत होते आणि त्यांचं काम उजनीच्या पाण्याखाली होतं. या दोन गोष्टी एका माणसात असू नयेत, असं त्यांना बहुतेक सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि काठावर माझ्याकडे पाठ करून पाटावर बसायच्या. वेणी मी घालायची. वेणी झाली की मान न वळवता विचारायच्या, "वैनी, मोजलं का?" मी म्हणायचे, "मोजलं. अकरा." मग त्या उठायच्या. बारा वर्षं हे असंच चाललं.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन त्या पळसदेवला आमच्याकडे परत आल्या. आमच्यासह नऊ घरांची मिळून एक पाइपलाइन धरणाच्या फुगवट्यातून येते. पाण्यातल्या तिच्या तोंडाशी जाळीचा व्हॉल्व्ह असतो, त्याला आमच्याकडे सगळेच फुटबॉल म्हणतात. जलपर्णीची मुळं, मासेमारीचं तुटकं जाळं, वाहून आलेली एखादी साडी त्यात अडकली की मोटार नुसती गुरगुरते आणि नऊ घरांचा ऊस माना टाकतो. पूर्वी दम कोंडून बुडी मारणारा एक पाणबुडा यायचा. त्याची चार-चार दिवस वाट पाहावी लागायची. पुढे बचावकामासाठी म्हणून तालुक्यातल्या काही जणांना कोकणात नेऊन, पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली जायला शिकवायचं ठरलं. यादीत बारा पुरुष होते. तेरावं नाव वन्संनी स्वतः जाऊन घातलं. विहिरीत पोहण्यात आख्ख्या आळीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायला कुणाला कारण सापडलं नाही.

पहिल्या दिवशी त्या घरच्या सवयीनं डोक्याला चपचपीत तेल लावून समुद्रात उतरल्या. मास्क कपाळावरून घसरला, नाकातोंडात खारं पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी तेल नव्हतं, पण चार केस मास्कच्या कडेखाली राहिले, तेवढ्यानंही पाणी आत झिरपलं. तिसऱ्या दिवशी अंबाडा घातला, तर मास्कचा पट्टा त्यावरून वर सरकला. शिकवणारा मुलगा सभ्य होता. तो म्हणाला, "ताई, केस कापून या, मी पुढच्या तुकडीत तुम्हाला घेतो." वन्संनी कापले नाहीत. त्याच तुकडीत राहून त्यांनी त्यावर तोड काढली आणि शिकून परत आल्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, "वैनी, तेल बंद. आजपास्नं माझं डोस्कं कोरडं ऱ्हाणार." सासूबाईंना ते फार लागलं. लेकीचं बिनतेलाचं डोकं पाहून त्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

का कापत नाही, हे मी त्यांना एकदाच विचारलं. भाकरी थापता थापता त्यांनी सांगितलं. "मालक गेले तवा बायांनी माझं कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या, जोडवी काढली. मी काय बोलले न्हाय. केसं कुणी मागितली न्हाईत, म्हणून ती ऱ्हायली. आता ह्यो मास्तर मागतोय. मी देत न्हाय." एवढं बोलून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. 

त्यांची तोड अशी होती. केस आधी ओले करायचे, म्हणजे बारीक बटा बसतात. मधोमध भांग पाडून मानेजवळून सैल न पडेल अशी वेणी घालायची. सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ रबरं कापून ठेवलेली असायची. चार-चार बोटांवर एक, अशी दहा रबरं वेणीला. मग वेणी दुमडून तिचं टोक मानेपाशी आणायचं आणि तिथे अकरावं रबर घट्ट बसवायचं. त्यावर कान झाकणारी टोपी आणि टोपीवर मास्क. टोपी इंदापूरच्या एका शिंप्याकडून ताणणाऱ्या कापडाची शिवून घेतली होती. माप घेताना तो म्हणाला होता, "आक्का, नाटकात माकडाचं काम मिळालं का काय?" वन्सं म्हणाल्या, "व्हय. शेपूट आत ठिवायचंय, तेवढी जागा सोड."

वेणी घालायला मला पंचवीस मिनिटं लागायची. मला मोजायची खोड आहे. जिन्याच्या पायऱ्या, दुरडीतल्या भाकरी, फाटकातून जाणारे ट्रॅक्टर, सगळं आपोआप मोजलं जातं. वन्संनी वेणीसाठी मला निवडलं ते याच खोडीसाठी. "बाकीच्या बाया बघून सांगत्यात. तुमी मोजून सांगता," असं त्या म्हणायच्या. पण पंचवीस मिनिटं ही काठावर उभ्या असलेल्या माणसांना फार असतात. पाइपलाइनीतले एक भागीदार तात्या दर वेळी कुरकुरायचे. एकदा म्हणाले, "बायामाणसाच्या येणीपायी आमचा ऊस वाळायचा." वन्सं मान न हलवता म्हणाल्या, "तात्या, मग तुमीच उतरा की. तुमच्या डोस्क्याला तर काय बांधायची पंचाईतच न्हाय." तात्यांच्या टकलाकडे पाहून सगळे हसले. शेवटी तात्याही हसले.

खरं काम त्या वर आल्यावर सुरू व्हायचं, आणि ते कुणी पाहत नसे. केसांना गाळाचा आणि माशाचा वास असायचा. शिकेकाईनं दोनदा धुवायचे. मग टोकाकडून वर विंचरत यायचं, मुळांचे बारीक धागे एकेक करून काढायचे. एवढे केस वाळायला हिवाळ्यात अर्धा दिवस जायचा. सर्दी होऊ नये म्हणून शेगडीत धूप टाकून त्यावर केस धरायचे. पावसाळ्यानंतर जलपर्णी आली की आठवड्यातून दोनदाही हे व्हायचं. माझे खांदे तेव्हापासून दुखतात ते आजपर्यंत. काही वेळा फणी हातात असताना मनात यायचं की हे केस नसते तर माझे किती तास वाचले असते. मी हिशेबही केला होता. तो इथे लिहीत नाही. तो केला याचीच मला लाज वाटते.

सातव्या वर्षीची गोष्ट. सासूबाई बारामतीला दवाखान्यात होत्या आणि सलग तीन रात्री मी त्यांच्यापाशी बसले होते. चौथ्या दिवशी सकाळी घरी आले, तर मोटार बंद पडलेली. उन्हाचे दिवस, पाणी खाली गेलेलं, लांबवर जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलेलं. तात्या बांधावर येरझाऱ्या घालत होते. मी पिशवी ठेवली आणि तशीच काठावर जाऊन वेणी घालायला बसले. बोटं चालत होती, डोळे मिटत होते. वन्संनी विचारलं, "वैनी, मोजलं का?" मी म्हणाले, "मोजलं. अकरा." मी मोजलं नव्हतं.

वन्संच्या कमरेला दोर बांधलेला असायचा. होडीत आमचे हे त्याचं दुसरं टोक धरून बसायचे. खाली सगळं ठीक असलं की दोराला एक हिसका यायचा. एरवी अठरा-वीस मिनिटांत त्या वर यायच्या. मी काठावरून घड्याळ पाहत होते. विसावं मिनिट गेलं. पंचविसावं गेलं. हिसका नाही. खाली काम करताना त्यांची हवा चाळीस मिनिटं पुरते, हे मला माहीत होतं. पाटाशेजारी पाहिलं, तर एक रबर मातीत पडलेलं होतं. ते मी उचललं आणि मुठीत धरलं. एकोणतिसाव्या मिनिटाला होडीत हे अंगातला शर्ट काढायला लागले, आणि तेवढ्यात एक हिसका आला. तेहतिसाव्या मिनिटाला वन्संचं डोकं वर आलं. टोपी अर्धी निघालेली होती आणि वेणीचं टोक नव्हतं.

वेणी टोपीतून सुटून फुटबॉलवरच्या जाळ्यात गुंतली होती. गढूळ पाण्यात काही दिसत नाही, सगळं हातानं चाचपून करावं लागतं. पोटरीला बांधलेल्या सुरीनं त्यांनी आधी जाळं कापायचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा वेणी कापली. आणि मग अडकलेला फुटबॉल साफ करूनच वर आल्या. काठावर बसून त्यांनी वेणीचं टोक हातात घेतलं, बोटांनी मोजलं आणि म्हणाल्या, "दीड वीत गेली. जाऊ द्या, टोकं फाटल्यालीच व्हती." सगळे हसले. मोटार चालू झाली. माझ्या मुठीतलं रबर कुणी पाहिलं नाही. मी ते तसंच घरी नेलं आणि मसाल्याच्या डब्यामागे ठेवलं.

त्या दिवसानंतर मी मोठ्यानं मोजायला लागले. वेणी आखूड झाली तरी रबरं थोड्या कमी अंतरावर लावून अकराच ठेवली होती. एक, दोन, तीन, असं अकरापर्यंत, काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. तात्यांना वाटलं, मी त्यांना चिडवायला मोजते. वन्संनी एका शब्दानं काही विचारलं नाही.

पुढे पाच वर्षं त्या उतरत राहिल्या. मग एकदा सर्दी असताना खाली गेल्या आणि कानात फट् झालं. कानाचा पडदा फाटला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता पाण्याखाली जाणं बंद. वन्संनी सिलिंडर, मास्क, टोपी सगळं धुऊन, सावलीत वाळवून पोत्यात बांधलं. दोन महिन्यांनी मुलगी येऊन त्यांना काटेवाडीला आपल्या घरी घेऊन गेली. आमच्या पाइपलाइनीवर आता दोन तरुण येतात. त्यांचे केस बोटभर आहेत. पाच मिनिटांत तयार होतात, पंधरा मिनिटांत वर येतात. तात्यांना कुरकुरायला काही उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात मी काटेवाडीला गेले. वन्सं ओसरीत बसल्या होत्या. उजव्या कानानं आता कमी ऐकू येतं, म्हणून मी डाव्या बाजूला बसले. केस पांढरे झालेत आणि बरेच गेलेत. गुडघ्याची वेणी कमरेवर आली आहे, जाडीला करंगळीएवढी. लेकीनं लावलेलं तेल होतं. मी फणी घेतली. विंचरता विंचरता, पाठमोऱ्याच असल्यामुळे, मला बोलता आलं.

"वन्सं, त्या दिशी मी मोजलं नव्हतं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मानंपाशी हात फिरवला मी, उतरायच्या आधी. दहाच व्हती."

माझा हात थांबला. "मग बोलला का न्हाय? तशाच कशापायी उतरला?"

"तीन रात्री आईपाशी जागून आलेल्या तुमी. आई माझी, आन् जागला तुमी. मी म्हणले असते एक कमी हाय, तर तुमी बांधलं असतं. पर त्या दिसापास्नं माझ्या डोस्क्याला हात लावायला भ्याला असता. मग माझी येणी कुणी घातली असती?"

मी पुन्हा फणी फिरवायला लागले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आन् मला काय ठावं, ते जाळं तितंच आसंल म्हणून." आणि स्वतःशीच हसल्या.

मी वेणी घातली. मसाल्याच्या डब्यामागचं ते रबर मी रुमालात बांधून नेलं होतं. ट्यूबचं रबर, इतक्या वर्षांत कडक झालेलं, तुटेल असं वाटत होतं. तुटलं नाही. वेणीच्या टोकाला तेवढं एकच पुरलं.

"वैनी, मोजलं का?" त्यांनी विचारलं.

"एकच तर हाय, वन्सं."

"एक आसलं म्हणून काय झालं? मोजा."

मी मोजलं. मोठ्यानं, डाव्या कानाशी.