अक्काचा राग

"आधी नळ दाखवा."

कुणाच्याही घरी गेली की अक्काचं पहिलं वाक्य हे. घरातली बाई "या, बसा" म्हणत असायची, चहाचं आधण ठेवायला निघालेली असायची, आणि अक्का चपला काढता काढता विचारायची, "आधी नळ दाखवा. कुटं हाय?" मग न्हाणी, तिच्यापलीकडचा संडास, बादलीत पाणी आहे का, दाराला आतून कडी लागते का, हे सगळं डोळ्यांखालून घालून यायची आणि मगच बसायची. आमच्या कारखान्यात सगळ्यांचं एकमत होतं की अक्काला स्वच्छतेचं वेड आहे. तुमच्याही ओळखीत अशी एक बाई असेलच. आपण तिला हसतो आणि ती येणार म्हटलं की आपली मोरी घासून ठेवतो.

कारखाना टॉवेलचा, चिंचोळी एमआयडीसीत. मी चेकिंगला होते आणि अक्का हेमिंगला, म्हणजे टॉवेलच्या कडा दुमडून शिलाई मारायला. मूळची सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लग्न होऊन सोलापुरात आली, नवरा लवकर गेला, मग मशीनवर बसली ती बसलीच. मुलगा-सून तिच्याजवळ. मुलगी अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावात दिलेली. दिलेली म्हणजे, आपली आपणच गेलेली. जावई कानडी बोलणारा, स्वभावानं गरीब. अक्का एक दिवस रडली, दुसऱ्या दिवशी लेकीला साडी घेऊन आली आणि प्रकरण मिटलं, असं आम्हाला वाटलं.

पण लेकीच्या घरी काही अक्का गेली नाही. एक वर्ष नाही, दोन नाही, चार वर्षं. लेक फोनवर रडायची. जावई दोनदा न्यायला आला आणि दोनदा एकटाच परत गेला. जेवायच्या सुट्टीत आम्ही तिला समजवायचो, "अक्का, एवढा राग बरा नव्हे." ती भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत दाबायची आणि म्हणायची, "आमचं रक्तच तसलं."

मग एका एप्रिलात घरी परतताना कंपनीची बस हायवेवर बंद पडली. दोन्ही बाजूंना उघडं रान, झुडूप म्हणून नाही. अक्का माझ्या शेजारी. तिनं माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "किती येळ लागंल?" थोड्या वेळानं पुन्हा तेच, मग पुन्हा तेच. त्यानंतर तिनं विचारायचंच सोडलं. पिशवीतून ताकाची बाटली काढली, झाकण उघडलं आणि अगदी शांतपणे, समईत तेल घालावं तशी, ती आपल्या मांडीवर उपडी केली. पूर्ण रिकामी होईपर्यंत. मग ओरडली, "आगं बया! सांडलं की!"

एकच गलका झाला. कुणी पदर दिला, कुणी रुमाल. टॉवेलच्या कारखान्याची बस, पण एकीजवळही टॉवेल नव्हता. मी मात्र शेजारीच होते. ताक सांडलं नव्हतं, ओतलं होतं, हे मी पाहिलं होतं. आणि कशासाठी ओतलं, ते ताकाच्या वासाखालून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी अक्कानं मला पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"कळलं न्हवं तुला?"

"कळलं."

"मग कुणाला बोलायचं न्हाय. माझ्या लेकीला तर न्हायच न्हाय."

मी शपथ घेतली. मग ती बोलली, मशीनवर शिलाई चाललीय अशा एकसारख्या आवाजात. पहिल्या बाळंतपणात अंग फाटलं होतं, टाके कुणी घातले नव्हते. तरुणपणी निभावलं. पन्नाशी उलटल्यावर मात्र परसाकडचा ताबा सुटला. "आल्यालं कळतं गं. पर थांब म्हटलं तर थांबत न्हाय." म्हणून बससाठी रोज सकाळी उपाशी. म्हणून साडीच्या आत टॉवेलच्या घड्या. आमच्या कंपनीत रिजेक्ट माल कामगारांना मिळायचा, त्यातला. जे टॉवेल परदेशातल्या हॉटेलात गोऱ्यांची तोंडं पुसायला निघाले होते, त्यांची अक्काकडं अशी बदली झाली होती. "माल लई चांगला हाय," ती म्हणाली. "तू उगंच रिजेक्ट करतीस."

"आणि लेकीकडं?" मी विचारलं.

"येष्टीत दीड तास, म्होरं जीप. आन् तितं विहिणीच्या घरात आसलं काय झालं तर? लेकीला जलमभर ऐकावं लागंल."

आता माझं सांगते. मी बारावी सायन्स आहे. कारखान्यात एवढं शिकलेली मी एकटीच, आणि हे कुणी विसरू नये याची मी काळजी घ्यायचे. अक्काला मीच एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. ती लाजेपायी एकटीच आत गेली आणि बाहेर आली ती चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीत काय? इसबगोल! मी उडालेच. इसबगोल कशासाठी घेतात हे पोराबाळांना ठाऊक. माझे सासरे रोज झोपताना दुधातून घ्यायचे आणि सकाळी त्याचा परिणाम सगळ्या घराला ऐकू यायचा. ज्या बाईचं थांबत नाही, तिला होण्याचं औषध? मेडिकलवाल्याला विचारलं तर तोही हसला. "चुकून लिहिलं असेल," म्हणाला. मी पुडा अक्काच्या हातात दिला आणि बजावलं, "याला हात लावायचा नाही. डॉक्टर झाले म्हणजे काय सगळं येतं असं नाही."

अक्कानं पुडा मशीनच्या खणात टाकला. मी तिला माझं सायन्स दिलं: भाजी बंद, डाळ बंद, नुसता मऊ भात. ती वाळत चालली आणि त्रास होता तिथंच होता. मधल्या काळात लेकीला मुलगा झाला. बाळंतपण अवघड गेलं, ते सासरीच झालं. बारशाचा निरोप आला. जावयानं जीप पाठवतो म्हणून सांगितलं. अक्कानं बाळलेणं घेतलं, झबलं शिवलं, ते कुणाबरोबर तरी पाठवून दिलं आणि त्या दिवशी मशीनवर येऊन बसली. दुपारी लेकीचा फोन आला. मला पलीकडचं ऐकू आलं नाही. अक्का एवढंच म्हणाली, "व्हय. हाय माजा राग." आणि फोन ठेवून टॉवेल ओढला. त्या दिवशी तिची एकही शिलाई वाकडी गेली नाही, हे मी चेक केलंय.

माझं डोकं फिरलं. मी अक्काला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं भांडायलाच गेले. बाईंनी माझं ऐकून घेतलं. मग कपात बोटभर पाणी घेतलं, चमचाभर इसबगोल टाकलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. पेशंट गेल्यावर कप माझ्यासमोर उपडा धरला. काही सांडलं नाही. सगळा लगदा बुडाला चिकटून बसला होता.

"घट्ट झालेल्याला हे मऊ करतं आणि पातळ असेल त्याला धरून ठेवतं," बाई म्हणाल्या. "भुसा एकच, कामं दोन. यांचं पातळ असतं म्हणून निसटतं. जेवताना दह्यात कालवून घ्यायचं, वर पाणी प्यायचं, थोड्यापासून सुरुवात करायची. आणि खालचे स्नायू आवळायचा व्यायाम. हे सगळं मी त्यांना सांगितलं होतं की."

मी अक्काकडं पाहिलं.

"सांगितलं हुतं," अक्का म्हणाली. "पर तू सायन्सवाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षात मी रडले. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, जसा काही माझाच नातू बारशाला मुकला होता.

मग दही सुरू झालं. डब्यातल्या दह्यात अर्धा चमचा भुसा. बाया विचारायच्या तर म्हणायची, "सब्जा हाय, उन्हाळ्याचा." गुण लवकर यावा म्हणून मी दोन चमचे घालायला लावले, तर दोन दिवस तिच्या पोटात हलगी वाजली. त्यानंतर मात्र मी माझं सायन्स गुंडाळून ठेवलं. व्यायामासाठी तिनं कामाचा हिशेब बसवला होता: टॉवेलची एक कड शिवून होईपर्यंत आवळून धरायचं, टॉवेल वळवताना सोडायचं. त्या वेळी तिचा चेहरा असा काही कडक व्हायचा की सुपरवायझर तिच्या बाजूनं फिरकायचा बंद झाला. "अक्काला काय झालंय?" त्यानं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, "कामात लक्ष आहे त्यांचं."

पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण भाजी-भाकरी खाऊन बसमध्ये बसायला लागली. अंगावर मांस आलं. महिन्यातून एखादा दिवस वाईट जायचा, एरवी थांब म्हटलं की थांबायचं. दिवाळीच्या आधी एका रविवारी ती एसटीनं लेकीकडं गेली. मी दिवसभर फोन हातात धरून बसले होते, पण फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी कामावर आली ती तोंडभर हसत. नातू मांडीवर कसा झोपला, विहिणीनं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, कशी केली, कानडीत काय काय बोलली आणि आपल्याला त्यातलं एक अक्षर कसं कळलं नाही.

"आणि लेकीला सांगितलंस ना सगळं?"

"सांगितलं की. म्हटलं, माजा राग गेला."

मी कपाळावर हात मारला. "अगं, राग होताच कुठं? बिचारा जावई चार वर्षं स्वतःला दोष देतोय!"

अक्का मशीनमध्ये दोरा ओवत होती. "रागावलं तर कुणी हसत न्हाय," ती म्हणाली. "ह्याला हसत्यात."

त्यानंतर ती दर महिन्या-दोन महिन्यांनी जायची, चार-चार दिवस राहायची. दोन वर्षं तिला असं मिळालं. मग एका थंडीत सकाळी चहा पिता पिता ती गेली. हृदयाचं काहीतरी होतं म्हणाले.

दहाव्याला मी तिच्या घरी गेले. लेक आली होती, पोराला कडेवर घेऊन जावई दारात उभा होता. त्यानं मला नमस्कार केला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "सासूबाईंनी माफ केलं मला. तेवढं बरं झालं." मला ते सहन होईना. जेवणं उरकल्यावर मी लेकीला मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि शपथ मोडली. ताकाची बाटली, टॉवेलच्या घड्या, माझा मूर्खपणा, दह्यातलं इसबगोल, सगळं सांगितलं. "ती रागावली नव्हती गं कधीच," मी म्हटलं. "ती घाबरली होती."

लेक रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. ती उठली आणि दार नीट लावून आली.

"ताई, दह्यात किती घालायचं म्हणालात?"

"कुणाला? सासूबाईंना?"

"मलाच," ती म्हणाली. "बाळ झाल्यापासून होतंय. आईला दर वेळी सांगणार होते. पण वाटायचं, पुन्हा काही बिनसायला नको, तिचा राग आत्ता कुठं गेलाय."