शाळेच्या फाटकावर दोन गाड्या

माझी मुलगी सहावीत असताना एके दिवशी शाळेतून फुटलेला ओठ आणि दंडावर वळ घेऊन घरी आली. मधल्या सुट्टीत आठवीतल्या एका मुलीने तिला बाथरूममध्ये केस धरून मारलं होतं. एवढंच तिने आईला सांगितलं.

आम्ही शिरवण्याचे मूळ गावकरी. आमच्यातल्या कुणावर हात उगारला की जाब विचारायला एकटा माणूस जात नाही, अख्खी भावकी जाते. त्यात मी डोक्याने तापट. बायको म्हणत होती, "आधी डॉक्टरकडं जाऊ." मी कुठला ऐकतोय! चुलतभावाला फोन केला आणि दहा मिनिटांत दोन गाड्या भरल्या. "कोन हाय ती? तिचा बाप कोन हाय?" भाऊ गाडीत बसायच्या आधीच गरजत होता. मारणारी दाखवायला म्हणून मी पोरीलाही मागच्या सीटवर बसवलं.

शाळा केव्हाच सुटली होती. वरातीमागून घोडं! एकटा वॉचमन हात जोडून उभा, आणि आम्ही नऊ धटिंगण त्याच्यावर ओरडतोय. मागे वळून पाहिलं, तर माझी पोर कानांवर हात ठेवून सीटच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. माझं सगळं अवसान गळालं.

घरी आल्यावर बायकोने तिला कुशीत घेतलं, ओठाला बर्फ लावला, मग डॉक्टरकडे नेऊन आणलं. एकही प्रश्न विचारला नाही. मला स्वतःची फार लाज वाटली. जवळ बसून म्हणालो, "चुकलं बाळा माझं. आता तू म्हणशील तसं करू."

"उद्या तुम्ही आणि मम्मीच चला," ती म्हणाली. "काका नकोत."

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांचा कागद आणि लेखी तक्रार घेऊन गेलो. मुख्याध्यापिका मुलीशी बोलू लागल्या. मी तोंड उघडणार, तोच बायकोने माझा गुडघा दाबला. पोर अडखळत, पण स्वतःच्या तोंडाने सगळं बोलली. मार एकदाचाच नव्हता, पंधरा दिवस चालला होता. बाईंनी सगळं लिहून घेतलं, त्या आठवीतल्या मुलीच्या पालकांना बोलावलं, आणि मधल्या सुट्टीत बाथरूमपाशी एक शिक्षिका ठेवायचं कबूल केलं. मग हळूच विचारलं, "इतके दिवस घरी का नाही सांगितलंस?"

तिने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला.

"पप्पा सगळ्यांना घेऊन आले असते," ती म्हणाली.