गूळ पोटात, धूर छातीत

माणसाचं अक्षर आणि चाल बघून भविष्य सांगणारे गल्लोगल्ली सापडतील. पण आपणच सांगितलेलं भविष्य खोटं ठरावं म्हणून जिवाचं रान करणारा माणूस उभ्या पिंपरी-चिंचवडात एकच, आणि ते म्हणजे आमचे थोरले साडू. तीस वर्षं त्यांनी चाकणजवळच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सांगाड्यांना वेल्डिंग केलं. निवृत्त झाले तरी दर शनिवारी कंपनीच्या बसमध्ये ऐटीत बसून तिथं जातात. त्यांना खाली उतरवायची अजून एकाही ड्रायव्हरची छाती झालेली नाही.

मालकाशी भांडण सुरू झालं गुळावरून. आपल्याकडे धुरात काम करणाऱ्याला शिफ्ट संपली की गुळाचा खडा द्यायची रीत आहे. गुळानं धूर निघून जातो, असा सगळ्यांचा पक्का समज. साडूभाऊंनीही तो वीस वर्षं निष्ठेनं चघळला. मग एका डॉक्टरनं त्यांचे डोळे उघडले. त्या खंडेनवमीला मशीनची पूजा झाली आणि प्रसादाचा गूळ हातात घेऊन ते साऱ्या कामगारांसमोर मालकाला म्हणाले, "गूळ जातो पोटात, धूर जातो छातीत. दोघांची गाठ पडायची कुठं? त्यापरीस धूर तोंडापाशीच ओढून घेणारे पंखे बसवा." मालकाचा चेहरा पडला. साडूभाऊंनी प्रसाद मात्र खाल्ला, कारण देवाशी त्यांचं काही वाकडं नव्हतं.

या वेडाचं मूळ होतं त्यांचा जोडीदार. एकाच सांगाड्याच्या दोन बाजूंना दोघं उभे राहायचे. पुढं पुढं जोडीदाराचा हात मंद पडला, रोजचं काम उरायला लागलं. एकदा साडूभाऊ तापले आणि चारचौघांत त्याला कामचुकार म्हणाले. वर्षभरानं त्याची चाल आखडली, हजेरीपुस्तकातली सही मुंगीएवढी झाली, आणि डॉक्टरांनी मेंदूचा आजार सांगितला. वेल्डिंगच्या धुरात मँगेनीज नावाचा धातू असतो, तो वर्षानुवर्षं अंगात गेला तर असं होऊ शकतं. पण याला त्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. "मी त्याला कामचुकार म्हणलो, मास्तर. अन् तो आजारी व्हता," एवढं सांगून साडूभाऊ माझ्याकडे पाठ करून बसले.

तेव्हापासून सुटका नाही कुणाची. शनिवारी ते प्रत्येक वेल्डरकडून वहीत ज्याच्या त्याच्या पानावर एक ओळ लिहून घेतात, स्वतःही एक लिहितात आणि संध्याकाळी वही माझ्या पुढ्यात आणून टाकतात. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, म्हणून हा जाच माझ्या वाट्याला. "मास्तर, बघा बरं, कुणाचं अक्षर बारीक झालंय का?" मी शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या तर चिडतात. आमच्या पुतणीच्या साखरपुड्यात तर कहर केला. नवरामुलगा वेल्डर आहे हे कळल्याबरोबर त्याला भर हॉलमध्ये म्हणाले, "पाव्हणं, पाच पावलं उलटं चालून दाखवा." हा आजार जडलेल्याला उलटं चालणं जड जातं म्हणे. मुलाकडचे हबकले. मुलीला चालवून बघायची रीत त्यांना ठाऊक होती, मुलाला उलटं चालवायची नव्हती. पोरगा गुणी, निमूट चालला. साडूभाऊंनी तिथल्या तिथं त्याला पेढा भरवला.

मालकाचं पालुपद एकच, "पुरावा आणा." शेवटी मीच वैतागून म्हणालो, "साडूभाऊ, धुरानंच झालं असं ठोकून द्या की. कोण तपासतंय?" ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर म्हणला शक्यता हाय, तर मी शक्यताच म्हणणार. घरात साप असंल असं कुणी सांगितलं, तर तुमी पुराव्यासाठी चावून घेता व्हय?" इतका खरा माणूस मी शिक्षकांतही पाहिला नाही.

मागच्या वर्षी एका शनिवारी त्यांनी वही उघडली आणि एका पानावरचं नाव अंगठ्यानं झाकून माझ्यापुढं धरली. वरच्या ओळी ठसठशीत, खालच्या बारीक होत गेलेल्या. अक्षर कुणाचं ते मी पहिल्याच ओळीला ओळखलं. मी म्हणालो, "काही फरक नाही."

"आयुष्यभर पोरांना हेच शिकवलंत व्हय?" ते म्हणाले आणि अंगठा काढला.

मी त्यांचे हात धरले. आता तरी चाकणचं बंद करा म्हणून विनवलं. ऐकतील तर शपथ. पुढच्याच शनिवारी ते पान मालकाच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "पुरावा न्हाई. माझी शक्यता हाय. बाकीच्यांची तेवढी टाळा."

दोन महिन्यांनी पंखे लागले. पहिल्या दिवशी मी त्यांना हाताला धरून घेऊन गेलो. वेल्डिंग सुरू झालं आणि धूर पोरांच्या तोंडाशी न जाता सरळ नळीत शिरला. साडूभाऊ बघत उभे राहिले, पापणीसुद्धा हलली नाही. मालक हिरमुसला. "मास्तर, एवढं केलं, तरी ह्यांना आनंद नाही," असं माझ्या कानाशी येऊन म्हणाला.

या आजारात चेहरा हसायचं विसरतो, हे डॉक्टरांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. माझा हात साडूभाऊंनी घट्ट, अगदी दुखेल इतका घट्ट धरला होता.

"हसताहेत ते," मी मालकाला म्हणालो.