कोरड्या नदीतला रोहू

त्या हिवाळ्यात वैनगंगा सरकारी कागदावर कोरडी ठणठणीत होती आणि मी रोज दुपारी तिच्यातला मासा खात होतो. दोन्ही गोष्टी माझ्याच हातच्या. नोंदवहीत लिहिणारा मी आणि गळ टाकणाराही मीच.

मार्कंड्याच्या वरच्या अंगाला, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या एका गावात, नदीचं पाणी मोजायला खात्यानं मला ठेवलं होतं. नोकरी हंगामी. चिमूरच्या एका गृहस्थांनी आपली मुलगी दाखवली होती, मला ती फार आवडली होती, आणि चहा संपताच गृहस्थ म्हणाले होते, "कायम झाल्याचा कागद आना, मंग तारीख काढू." तेव्हापासून मला नदीत पाण्यापेक्षा तो कागदच जास्त दिसायचा.

मोजायचं साधन म्हणजे काळे-पांढरे पट्टे ओढलेला, फुटांचे आकडे घातलेला एक लाकडी खांब. तो रोवायला लोक आले ते भर भादव्यात. पाणी तेव्हा काठाला लागलेलं. चिखलात कोण उतरणार, म्हणून त्यांनी काठावरच खांब ठोकला, माझ्याकडून कोंबडी खाल्ली आणि गेले. दिवाळीनंतर नदी खांबाला सोडून निघाली ती पौषापर्यंत शंभर पावलं लांब गेली. मी खात्याला कळवलं, खांब कोरडा आहे, नदी मात्र वाहते आहे, तरी खांब खाली हलवावा. उत्तर आलं, खांब हलवू नये, खांबावर पाणी नसल्यास 'निरंक' लिहावे. मी आज्ञाधारक माणूस. रोज सकाळी आठला धुक्यात कुडकुडत खांबापाशी जायचो, त्याच्याकडे बघायचो आणि 'निरंक' लिहायचो. मग गळाची बांबूची काठी घेऊन खऱ्या नदीकडे.

तिथे एक म्हातारा ढिवर असायचा. गळ टाकायला त्यानंच शिकवलं. थंडीत मासा आळशी होतो, डोहाच्या तळाशी पडून राहतो, ऊन पाण्यात उतरल्याशिवाय तोंड उघडत नाही. कणकेची गोळी लावून बसायचं आणि गप्प राहायचं. यातलं गप्प राहणं मला नोकरीमुळे आधीच येत होतं. पाणी उतरलं की आमची बसायची जागाही खाली सरकायची. म्हातारा पाण्याच्या कडेला काडी खोचून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापासून पाणी किती हटलं ते बघून मासा कुठे गेला असेल ते सांगायचा. मी माझी काठी एका खडकाला लावून बघायचो आणि पाणी जितकं उतरलं असेल तिथे सुरीनं खाच पाडायचो. कोणी सांगितलं नव्हतं. पण नदीची खरी नोंद त्या काठीवरच होती.

माघात निरोप आला. साहेब दौऱ्यावर येणार, जागा पाहणार आणि मला कायम करायचं की नाही ते ठरवणार. साहेबांना मासा जीव की प्राण, असं त्यांच्या चपराशानं मुद्दाम कळवलं होतं. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "भाऊ, रोहू पाहिजे. मोठा."

"काऊन जी, बाबू? वरन-भात घाला ना त्याले."

"नोकरीचा प्रश्न आहे."

"म्हनूनच सांगून राह्यलो."

ऐकेन तर मी कसला. तीन दिवस बसलो. साहेब यायच्या दिवशीच, उन्हं वर आली तेव्हा गळाच्या दोरीला बांधलेला बोरूचा तरंगता तुकडा एकदा हलला आणि सपकन खाली गेला. चांगला हातभर रोहू. काठावर आणेपर्यंत तळहाताची सालं निघाली, पण मला त्या माशाच्या तोंडात चिमूरच्या गृहस्थांचा होकार दिसत होता.

साहेब आले, नदीकडे पाठ करून खुर्चीत बसले आणि जेवले. रस्सा तीनदा घेतला. "वा! ताजा आहे. कुठला हो हा?"

"समोरच्या डोहातला, साहेब. आज सकाळीच धरला," मी छाती फुगवून सांगितलं.

हात धुऊन त्यांनी नोंदवही उघडली. डिसेंबर, निरंक. जानेवारी, निरंक. पानं उलटता उलटता ते थांबले. "नदीत पाणी नाही," ते हळूच म्हणाले, "मग मासा कशात होता?"

मी खात्याचं पत्र पुढे केलं. त्याखाली सही त्यांचीच होती. मी काठी दाखवली, एकेक खाच समजावून सांगितली.

"ही काठी सरकारी आहे?"

"नाही, साहेब."

"मग हिचं काय करायचं?"

बराच वेळ ते दात कोरत राहिले. खांब चुकीच्या जागी आहे म्हणावं, तर हलवू नका असं त्यांनीच लिहिलेलं. मी खोटं लिहिलं म्हणावं, तर दर महिन्याला तपासून त्यांनीच ते वर पाठवलेलं. शेवटी त्यांना वाट सापडली. "मासा आपण खाल्लेला नाही. मी वरण-भात जेवलो." जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काम चोख आहे तुमचं. मी लिहितो." जीप दिसेनाशी होताच मी चिमूरला पत्र टाकलं.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. नोंदींवरून व प्रत्यक्ष पाहणीवरून सदर ठिकाणी हिवाळ्यात नदीस पाणी नसल्याचे दिसून येते, सबब पाणी मोजणाऱ्याची आवश्यकता नाही. प्रत्यक्ष पाहणी झाली होती हे खरं, चांगली तीन वाट्या झाली होती. पण तेव्हा मला हसू आलं नाही. मी म्हाताऱ्यासमोर बसून रडलो. चिमूरच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात एका जंगल शिपायाशी झालं. तो कायम होता.

निघायच्या आधी दोन दिवस वर भंडाऱ्याकडे जोराचा अवकाळी पाऊस झाला. ट्रंक बांधून झाली आणि सवयीनं मी आठ वाजता काठावर गेलो, तर नदी खांबाशी आलेली. गढूळ, फुगलेली. आमच्या बसायच्या सगळ्या जागा पाण्याखाली. नोंदवही आदल्याच दिवशी खात्याकडे परत गेली होती. तरी मी वाकलो, आकडा नीट पाहिला आणि मोठ्यानं वाचला, "एक फूट, दोन इंच."

म्हातारा मागे आपली होडी, तो लाकडी डोंगा, पाण्यातून वर ओढत होता. तो थांबला.

"कोनाले सांगून राह्यले जी, बाबू?"