निळ्या अभ्र्यावरचे डाग

१९८४ साली सुगंधा लग्न होऊन कांदिवलीला आली, तेव्हा तिचे गाल मुरुमांनी भरलेले होते. डॉक्टरांनी दिलेलं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम ती मोरीचं दार लावून चोरून लावायची. काही दिवसांतच नव्या निळ्या अभ्र्यावर पांढुरके डाग पडले. सासूबाई कपडे धुणाऱ्या द्रौपदीवर कडाडल्या, "ब्लीच टाकलंस ना?"

द्रौपदी रडकुंडीला आली. सुगंधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, ते माझ्या तोंडाच्या मलमानं झालं, त्यानं कापडाचा रंग उडतो," ती खाली मान घालून म्हणाली.

"मग आधी बोलायचं ना गं! पांढरे अभ्रे काढून दिले असते."

सासूबाई द्रौपदीकडे वळल्या आणि तिच्यासमोरचा अभ्रा उचलून घडी घालू लागल्या. द्रौपदी पिळे उचलून वाळत घालायला गेली.