पाईप आमच्या रानातून जाते

"उपट," चेअरमन म्हणाला.

आई वाकली. वांग्याचं पहिलं रोप तिनं मुळासकट उपटलं. मग दुसरं. फुलं धरलेली रोपं होती ती. बांधावर पाणी संस्थेची माणसं उभी होती, शेजारचे ऊसवाले उभे होते. संस्थेचा चेअरमन माझ्या वयाचा. आई त्याच्या आईच्या वयाची. तो तिला अगं-तुगं करत होता.

गुन्हा काय, तर संस्थेची पाईप आमच्या रानातून जाते. नदीवरून निघते, आमच्या मातीखालून जाते आणि पलीकडच्या उसात उघडते. आमच्याकडं तिला तोंड नाही. हातकणंगल्याच्या या बाजूला नुसता माळ. पाईप पोचते तिथं ऊस, नाही तिथं कुसळ. पाईपसाठी चर खणताना संस्थेनं वडिलांना शब्द दिला होता, तुमच्या रानातही एक व्हॉल्व्ह काढू. वडील चर खणायला राबले आणि वाट बघत गेले. मी विचारायला गेलो तर चेअरमननं हसून सांगितलं, दलित वस्तीच्या रानाला पाणी दिलं तर आमच्या उसाला गडी कुठून आणायचे?

यंदा पाईपचा जॉइंट गळायला लागला. ओल आली, तिथं आईनं वांगी लावली. त्याला ते चोरी म्हणाले.

"पाणी वायाच चाललंतं, मालक," एवढंच आई म्हणाली. तो 'मालक' मला रोपं उपटण्याहून जास्त लागला.

वाफा मोकळा झाल्यावर चेअरमननं खोरं माझ्या पायापुढं टाकलं. जॉइंट उघडा करायचा होता. पाईप गळली की आधी वडील उकरायचे, त्यांच्यामागं मी. फुकट. आमच्याच रानात, त्यांच्या पाण्यासाठी. कुणी ठरवलं होतं माहीत नाही, पण ठरलेलं होतं.

मी खोरं उचललं नाही.

"पाईप तुमची, पाणी तुमचं. तुमचं तुम्हीच उकरा की."

आई म्हणाली, गप बस लेकरा. मी गप बसलो. पण वाकलो नाही.

त्यांनी दुसरे गडी आणले. गळती थांबली, ओल आटली. मला उसातलं काम बंद झालं, आईला तण भांगलायला कुणी बोलवेना. तालुक्याला जाऊन आलो, साहेब म्हणाले आपसात मिटवा. आमची ज्वारी हातभर होऊन करपली. आई म्हणते, माळ सोड, कुठं कारखान्यात बघ. तिचं चूक नाही. पाणी मिळेल असं मलाही आता वाटत नाही.

पण पाईप जुनी आहे. पुन्हा गळेल, आणि ते खोरी घेऊन येतील. तेव्हा मी त्या जागेवर बसणार आहे. आमचा व्हॉल्व्ह निघेपर्यंत उठणार नाही. त्यांचा ऊस माझ्या डोळ्यांदेखत वाळला तरी उठणार नाही.