जॉबरअण्णांची गाठ

सांगलीच्या स्टँडवर वडूजची गाडी लागली की जॉबरअण्णा आधी पाटी वाचायचे. मग ड्रायव्हरला विचारायचे, मग कंडक्टरला, आणि शेवटी आत बसलेल्या एखाद्या बाईला. "मायणीवरनंच जाती न्हवं?" चौघांचं एक झालं की खिडकीला डोकं टेकवून, तोंड उघडं टाकून जे झोपायचे ते थेट वडूजला उठायचे. मी चिडवलं, तर म्हणाले, "श्रद्धा म्हंजे ह्येच की गड्या. आधी इचारायचं, मग बिनघोर झोपायचं. न इचारता झोपला त्यो पाटणला उतरतोय!"

अण्णांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं, म्हणून इतके दिवस टाळलं.

माधवनगरला त्यांनी तीस वर्षं जॉबर म्हणून माग दुरुस्त केले. निवृत्त होऊन वडूजला आले, तरी बोटं मागावरचीच राहिली. कुठलंही कापड चिमटीत धरल्याशिवाय त्यावर मत द्यायचे नाहीत. डॉक्टरांनी गोळी दिली की "ही कशापायी?" असं दोनदा विचारायचे, पटली की मग घड्याळ लावून घ्यायचे, एक दिवस चुकवायचे नाहीत. आमच्या विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं. वाचता वाचता मध्येच थांबून म्हणायचे, "मी वाचतोय म्हणून मान डोलवू नका. बुद्धानं 'या आन बघा' म्हणून बोलीवलंय. बघा, करून बघा. पटलं तर मातर मागं फिरू नका."

विहाराच्या अंगणात बोधिवृक्षाचं रोप होतं. अण्णांनीच ते काठीला सुतानं बांधलं होतं. एका वैशाखात मोतीबिंदू काढायला ते लेकीकडे माधवनगरला गेले. जाताना मला, म्हणजे विहाराच्या सेक्रेटरीला, सांगून गेले, "दिवसाआड दोन तांबे. इसरू नगंस." मी विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी आळस केला. आज नको, उद्या घालू, असं करत तीन आठवडे काढले आणि रोपाची काडी झाली. शेजारच्या सोनामावशीनं ती पाहिली आणि हळहळली.

मी साताऱ्याच्या रोपवाटिकेतून तेवढंच पिंपळाचं रोप आणलं. भर दुपारी, गाव उन्हाला भिऊन घरात असताना, लावून टाकलं. सुताची गाठही मारली. सकाळी सोनामावशी अंगणातच ओरडली, "फुटलं गं बाई! वाळल्यालं झाड फुटलं!" तासाभरात फोटो ग्रुपवर. आठवड्याभरात फांद्यांना दोरे, बुंध्याशी हळद, आणि नवस. बुद्धाच्या विहारात नवस!

अण्णा काळा चष्मा लावून आले. खाली बसले, गाठ चिमटीत धरली. "ह्ये त्ये झाड न्हाई. माझी जॉबरची गाठ हुती, मागावर तुटका धागा जोडत्यात तसली. ही कुणीतरी चपलेच्या पट्ट्याला मारल्यासारखी मारलीया."

"डोळं अजून निवळलं न्हाईत अण्णांचं," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. सोनामावशी मात्र चिडली. "आवं, सोताच्या डोळ्यानं बघितलंय मी. तुमची श्रद्धाच उडालीया!"

अण्णा माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, पाणी तू घालत हुतास. तूच सांग."

"मी काय सांगणार, अण्णा," मी म्हणालो.

ते एक वाक्य. त्या वर्षीचं वाचन दुसऱ्याला दिलं. ज्याची श्रद्धा नाही त्यानं कशाला वाचायचं, असं ठरलं. अण्णा मागच्या सतरंजीवर बसून मुकाट्यानं ऐकायचे. दर रविवारी पंचशील मी सांगायचो. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आलं की मला खोकला यायचा.

श्रावणात सोनामावशी विहारातच चक्कर येऊन पडली. रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून ती झाडाच्या पानाचं पाणी पीत होती. अण्णांनीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ती वाचली. पुढच्या रविवारी चौथ्या शीलापाशी मला खोकला आला नाही. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. काडी, रोपवाटिका, दुपार, गाठ.

मग सोनामावशी उठली. "म्हंजे? मग मी नवस बोलल्यावर नात झाली ती कशी रं?"

"आवं मावशी," मागच्या सतरंजीवरून अण्णा म्हणाले, "झाड आलं वैशाखात, नात झाली आषाढात. म्हयनं तरी मोजा की!"

आधी सोनामावशीची सूनच फिस्सकन हसली, मग सगळं विहार. मी मात्र रडत होतो. मला वाटलं, आता सेक्रेटरीपद गेलं. गेलंच. वाचन अण्णांकडे परत आलं, आणि पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "झाडाला पानी ह्योच घालंल."

"माझ्यावर विश्वास ठेवताय?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"लगीच कसा ठेवू? रोज येऊन बघनार की!"

आणि ते आले. रोज सकाळी, बोट मातीत खुपसून. ओल लागली की परत जायचे. पावसात आले, थंडीत कानटोपी घालून आले. मी कधी रागावलो नाही. उलट ते बोट मातीत जाईपर्यंत माझा जीव टांगलेला असायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी ते आलेच नाहीत. आठ वाजले, नऊ वाजले. मी घाबरून त्यांच्या घरी धावलो. अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात तांदूळ निवडत होत्या.

"अण्णा कुठायत? बरं हाय न्हवं?"

"हाईत की. मी उठवाया गेल्ते, तर म्हनले, आता जायाचं काम न्हाई, बघून झालं."

मी आत डोकावलो. अण्णा भिंतीला डोकं टेकवून, तोंड उघडं टाकून, बिनघोर झोपले होते.